निनावी साक्षीदाराच्या भरवशावर

गुप्तता हा माणसाचा हक्क आहे. आपले घर, आपला पत्रव्यवहार, आपले आजारपण, आपली श्रद्धा आणि आपले मत यांवर राजसत्तेने अथवा व्यापाऱ्याने पाळत ठेवू नये, असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने तो मूलभूत हक्क म्हणून मान्य केला आहे. परंतु स्वतःचे नाव झाकून दुसऱ्याच्या नावास काळे फासण्याचा हक्क कोणत्याही न्यायालयाने कोणासही दिलेला नाही. या दोन गोष्टींतील भेद पुसून टाकणारा एक पंथ त्याच वर्षी अमेरिकेत उदयास आला. त्याचा जन्म दूर देशी झाला असला तरी त्याची रीत आपल्या मुलाबाळांच्या हातातील मोबाईलपर्यंत येऊन पोचली आहे. म्हणून त्याची उलटतपासणी करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

२८ ऑक्टोबर २०१७ रोजी फोरचॅन नावाच्या निनावी फलकावर एका अज्ञात इसमाने मजकूर टाकण्यास सुरुवात केली. त्याने 'क्यू' हे अक्षर धारण केले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात अत्यंत गुप्त कागदपत्रे पाहण्याच्या परवान्यास हे अक्षर लावतात. त्यावरून आपण सरकारच्या अंतर्गृहातील कोणी बडे अधिकारी आहोत असा भास त्याने निर्माण केला. बालकांचा व्यापार व छळ करणाऱ्या बलाढ्य लोकांची एक गुप्त टोळी जगावर राज्य करीत आहे, आणि अध्यक्ष ट्रम्प तिचा लवकरच नायनाट करणार आहेत, हे या पंथाचे मुख्य प्रमेय. श्रीमती हिलरी क्लिंटन यांना ३० ऑक्टोबर २०१७ रोजी अटक होईल, हे त्याचे पहिलेच भाकीत. ती अटक त्या दिवशी झाली नाही आणि पुढेही झाली नाही. न्यायालयात ज्या साक्षीदाराचे पहिलेच विधान धडधडीत खोटे ठरते, त्याच्या पुढील विधानांकडे न्यायाधीश संशयाने पाहतो. येथे उलट झाले. २०२० च्या अखेरीपर्यंत त्या निनावी लेखणीतून सुमारे ५,००० टिपणे बाहेर पडली आणि लक्षावधी माणसांनी ती वेदवाक्याप्रमाणे शिरोधार्य मानली!

या पंथाने आपल्या अनुयायांस तीन गोष्टी दिल्या : घोषणा, संशोधन आणि लपण्याच्या युक्त्या. तिन्हींची क्रमाने तपासणी करू.

प्रथम घोषणा. 'एक जाईल तेथे सर्व जातील' अशा अर्थाची इंग्रजी घोषणा हे या पंथाचे ब्रीदवाक्य. ४ जुलै २०२० रोजी एका निवृत्त सेनापतीने, राष्ट्राध्यक्षांच्या माजी सुरक्षा सल्लागाराने, आपल्या आप्तांसह शपथ घेऊन ही घोषणा उच्चारली आणि ते दृश्य जगास दाखविले. हे वाक्य दिवंगत अध्यक्ष केनेडी यांच्या नौकेवरील घंटेवर कोरलेले होते, असे अनुयायी एकमेकांस भक्तिभावाने सांगत. वस्तुतः ते १९९६ साली निघालेल्या 'व्हाईट स्क्वॉल' या चित्रपटातील जहाजाच्या घंटेवरील वाक्य आहे. जे लोक साऱ्या जगाची गुपिते खणून काढल्याचा दावा करतात, त्यांना आपल्या स्वतःच्या घोषणेचा जन्मदाखला शोधता आला नाही. यावरून त्यांच्या उत्खननाची खोली वाचकांनी ओळखावी.

दुसरी घोषणा त्याहून घातक आहे : 'योजनेवर विश्वास ठेवा.' आणि तिच्या जोडीस तिसरी : 'स्वतः संशोधन करा.' या दोन आज्ञा परस्परविरुद्ध आहेत हे त्यांच्या लक्षातही येत नाही. ज्याने योजनेवर आधीच विश्वास ठेवला, तो संशोधन कसले करणार? निकाल आधी लिहून ठेवायचा आणि मग त्यास जुळणारा पुरावा गोळा करीत हिंडायचे, यास आमच्या व्यवसायात तपास म्हणत नाहीत. खोटा खटला रचणे म्हणतात.

'स्वतः शोधा' हे शब्द आमच्या वाचकांस ओळखीचे वाटतील, आणि धोका नेमका तेथेच आहे. भगवान बुद्धांनी केसपुत्त येथे कालामांस केलेला उपदेश आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला आहे. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून अथवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका, असे तेथे सांगितले आहे. परंतु उपदेश तेवढ्यावर थांबत नाही. जे स्वीकारल्याने लोभ, द्वेष आणि मोह वाढतात ते टाका, ही कसोटीही तेथेच दिलेली आहे. या कसोटीवर 'क्यू'चा पंथ घासून पाहा. द्वेषावाचून त्यात दुसरे काय उरते?

आता संशोधनाची फळे पाहू. या पंथाच्या जन्माआधीच त्याचे बी पेरले गेले होते. २०१६ च्या निवडणुकीच्या सुमारास क्लिंटनबाईंच्या प्रचारप्रमुखाची चोरलेली ई-मेल पत्रे विकिलीक्सने प्रसिद्ध केली. त्यांतील पिझ्झा, चीज असले जेवणाचे साधे शब्द म्हणजे बालव्यापाराची सांकेतिक भाषा होय, असा शोध हौशी संशोधकांनी लावला; आणि वॉशिंग्टन शहरातील 'कॉमेट पिंग पाँग' नावाच्या पिझ्झागृहाच्या तळघरात मुले कोंडली आहेत असा डंका पिटला. मालकास व नोकरांस ठार मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. ४ डिसेंबर २०१६ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील एक तरुण, दोन मुलींचा बाप, बंदूक घेऊन त्या पिझ्झागृहात शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. त्याने सारे धुंडाळले. कोंडलेली मुले तेथे नव्हती. एवढेच नव्हे तर त्या इमारतीस तळघरच नव्हते! सुदैवाने कोणी दगावले नाही. आपली माहिती शंभर टक्के बरोबर नव्हती, अशी कबुली त्याने पुढे दिली. त्यास ४ वर्षांचा कारावास झाला. ज्यांनी ते तळघर कल्पनेने बांधले, त्या निनावी संशोधकांपैकी कोणीही त्याच्यासोबत तुरुंगात गेले नाही. 'एक जाईल तेथे सर्व जातील' असे म्हणणाऱ्यांचा खरा व्यवहार हा असा आहे.

२०२० च्या जुलैत दुसरा शोध लागला. वेफेअर या फर्निचर विकणाऱ्या कंपनीच्या यादीत काही कपाटांच्या किमती फार मोठ्या होत्या आणि त्यांना मुलींची नावे दिलेली होती. झाले! या कपाटांतून बेपत्ता मुली विकल्या जातात, असे ठरले. ज्या मुलीला बेपत्ता म्हणून जाहीर केले होते, तिच्यावर स्वतःच पुढे येऊन 'मी हरवलेली नाही' असे सांगण्याची पाळी आली. अमेरिकेत मानवी व्यापारास बळी पडलेल्यांसाठी एक राष्ट्रीय दूरध्वनी-सेवा आहे. ती चालविणाऱ्या पोलारिस या संस्थेस जाहीरपणे सांगावे लागले की, या अफवेच्या शेकडो फोनांमुळे खऱ्या पीडितांस मदत करणे अवघड होत आहे. मुलांच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी मुलांच्या मदतीची वाटच अडवून धरली. वाचकहो, या सर्व प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट आम्हांस हीच वाटते.

आणि हा शोध तरी नवा आहे काय? मुळीच नाही. परकी माणसे आपली मुले पळवितात आणि त्यांचे रक्त काढतात, हा आरोप युरोपात ज्यू लोकांवर शतकानुशतके केला गेला. ११४४ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे मेलेल्या एका मुलाच्या निमित्ताने त्याची सुरुवात झाली. १४७५ साली ट्रेंट येथे अशाच आरोपावरून ज्यूंचा अमानुष छळ करून त्यांना ठार मारण्यात आले. तेथील त्या बालकाची संत म्हणून चालविलेली उपासना रोमन चर्चने १९६५ साली, म्हणजे ४९० वर्षांनंतर, रद्द केली. १३४८-४९ च्या प्लेगात ज्यूंनी विहिरींत विष कालविले अशी आवई उठली आणि वस्त्याच्या वस्त्या जाळण्यात आल्या. १९०३ साली रशियात ज्यूंच्या गुप्त कटाचे एक बनावट इतिवृत्त छापले गेले. ते निव्वळ वाङ्मयचौर्य असल्याचे लंडनच्या टाइम्सने १९२१ साली सप्रमाण दाखवून दिले; तरी नाझींनी त्याचाच आधार घेऊन प्रचार केला. मुलांचे रक्त पिणारी गुप्त टोळी ही 'क्यू'पंथाची कथा म्हणजे या जुन्याच विषाची नवी बाटली आहे. पाण्याच्या आणि विटाळाच्या नावाने माणसांस माणसांतून उठविण्याची रीत ज्यांच्या पूर्वजांनी भोगली, त्यांनी तरी ही बाटली ओठास लावू नये.

आता तिसरी गोष्ट, लपण्याच्या युक्त्या. नाव बदला, व्हीपीएन वापरा, या माध्यमावरून त्या माध्यमावर जा, असे सल्ले या मंडळींत मुक्तहस्ते वाटले जात. २०२० च्या सप्टेंबरात खुद्द 'क्यू'नेच आपल्या अनुयायांस आज्ञा केली की आता वेष पालटा आणि आपल्या लिखाणातून माझे नाव काढून टाका, म्हणजे बंदी टळेल. या युक्त्या मुळात वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. जुलमी राज्यातील पत्रकारास, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या स्त्रीस, मालकाचा भ्रष्टाचार उघडकीस आणणाऱ्या कामगारास त्यांची गरज आहे. कुलूप हे घराचे रक्षण करण्यासाठी असते. परंतु जो दुसऱ्याच्या घरावर दगड मारून येतो आणि मग आपल्या दारास कुलूप लावतो, त्याच्या कुलपास गुप्ततेचा हक्क म्हणत नाहीत. हे लोक आपले नाव गुप्त ठेवतात. आणि ज्याच्यावर संशय घेतला त्याचे नाव, पत्ता, फोन, मुलांची छायाचित्रे चव्हाट्यावर मांडतात. आपल्यापुरता हक्क आणि दुसऱ्यापुरती निर्लज्ज पाळत, असा हा न्याय आहे!

त्यातही विसंगती पाहा. ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेच्या संसद-भवनावर जो जमाव चालून गेला, त्यात या पंथाची निशाणे मिरविणारे पुष्कळ होते. लपण्याचे धडे गिरविलेल्या याच मंडळींपैकी अनेकांनी आपल्या पराक्रमाची छायाचित्रे स्वतःच प्रसिद्ध केली. पार्लर नामक माध्यमावरील अनेक दृश्यफितींसोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले निघाले. शिंगे असलेली टोपी घालून आत शिरलेल्या, या पंथाचा पुरोहित म्हणून गाजलेल्या इसमास ४१ महिन्यांची शिक्षा झाली. २०२५ च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या दिवसाच्या सुमारे १,५०० आरोपींस माफी दिली, त्यात त्याचाही समावेश होता. परंतु माफीने शिक्षा जाते, घडलेली गोष्ट जात नाही. आणि 'क्यू' कोण? २०२२ साली भाषेची लकब तपासणाऱ्या दोन स्वतंत्र तज्ज्ञ-गटांनी दोन व्यक्तींकडे बोट दाखविले. त्या दोघांनीही ते नाकारले. ज्याच्या शब्दावर माणसांनी घरदार, नाती आणि स्वातंत्र्य पणास लावले, तो साक्षीदार पिंजऱ्यात कधी आलाच नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. सत्ताधारी कट करीत नाहीत काय? करतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ गरीब काळ्या पुरुषांस औषध न देता केवळ त्यांचा रोग पाहत ठेवले. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही दिले नाही. त्याच देशाच्या गुप्त पोलिसांनी १९५६ ते १९७१ या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या हक्कांसाठी लढणाऱ्यांवर पाळत ठेवून त्यांच्या चळवळी पोखरण्याचा पद्धतशीर उद्योग केला. पददलितांच्या बाबतीत राज्यसत्ता किती निर्दय होऊ शकते हे आम्हांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

परंतु हे कट उघडकीस कसे आले ते नीट पाहा. टस्कीगीचा कट पीटर बक्स्टन या आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्याने उघड केला. त्याने आधी आपल्याच वरिष्ठांकडे लेखी तक्रारी केल्या. त्या धुडकावल्या गेल्यावर माहिती वार्ताहरांकडे दिली. जीन हेलर या वार्ताहर स्त्रीने ती पडताळून २५ जुलै १९७२ रोजी प्रसिद्ध केली. मग संसदेपुढे साक्षी झाल्या, पीडितांनी दावा लावला, १९७४ साली १ कोटी डॉलरांची तडजोड झाली, आणि १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी जाहीर क्षमा मागितली. पोलिसी पाळतीची कागदपत्रे १९७१ साली बाहेर आली आणि १९७५ साली संसदेच्या समितीने त्यांची चौकशी केली. या दोन्ही ठिकाणी अस्सल कागद होते, पडताळणी झाली, आणि अखेरीस माणसे नावानिशी शपथेवर बोलली. 'क्यू'च्या ५,००० टिपणांतून एकही मूल सुटले नाही. खरा कट पुराव्याच्या उजेडात मरतो. खोटा कट पुरावा मागितला की मागणाऱ्यासच कटात सामील करून घेतो. ही खूण पक्की ध्यानात ठेवावी. एवढेच नव्हे, तर खोट्या कटांचा गलबला जितका वाढेल तितका खऱ्या कटवाल्यांचा लाभ होतो. कारण मग टस्कीगीसारख्या खऱ्या अन्यायाची फिर्यादही 'आणखी एक अफवा' म्हणून केराच्या टोपलीत जाते. आणि असा अन्याय भोगणारे बहुधा आपल्यासारखेच असतात.

आपल्याकडे हे कोठे आहे, असे कोणी विचारील. २० मार्च १९२७ रोजी महाडास चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ला झाला तो कशावरून? अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, या अफवेवरून. असा बेत कोणाचाही नव्हता. अफवेस बेत लागत नाही, लाठ्या लागतात. आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा गावी काय घडले? मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असा मजकूर मोबाईलवरून हातोहात फिरत होता. त्यावर विश्वास ठेवून जमावाने भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ निरपराध माणसांस ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून ठार मारले. वॉशिंग्टनच्या पिझ्झागृहातील अफवा आणि राईनपाड्याची अफवा एकच आहे. अमेरिकेत तिने धनवंतांवर बोट ठेवले. येथे ती भटक्यांच्या झोळीवर येऊन पडली. अफवा शेवटी ज्यास कोणी वाली नाही त्याच्याच अंगावर पडते. उद्या ती कोणत्या वस्तीवर पडेल हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष पाहणाऱ्याने अथवा ऐकणाऱ्याने दिलेला असावा, 'असे म्हणतात' हा पुरावा नव्हे, आणि आरोप करणाराने तो सिद्ध करावा, हे साक्षीच्या कायद्याचे साधे नियम आहेत. १८७२ चा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा अंमलात आला, तरी हे नियम बदललेले नाहीत. ते केवळ वकिलांचे शास्त्र नाही. दुर्बळाच्या गळ्यातील फास सैल करणारे ते नियम आहेत. मोबाईलवर येणारा मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी प्रत्येक घरात चार प्रश्न विचारले जावेत. हे सांगणारा कोण? त्यास ते कसे कळले? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे कोणी ऐकले काय? आणि हे खोटे निघाले तर कोणाचा जीव वा अब्रू जाईल? चारांची उत्तरे मिळत नसतील तर तो मजकूर तेथेच संपवावा. अब्रुनुकसानीच्या कायद्यात आरोप रचणाराबरोबरच तो प्रसिद्ध करणाराही अपराधी ठरतो, हेही विसरू नये.

ज्यास खरोखर अन्याय दिसला असेल त्याने जरूर बोलावे. तारीख लिहावी, कागद जपावा, साक्षीदार जोडावा आणि अर्जाखाली आपली सही करावी. आपल्या वाडवडिलांस सही करता येत नव्हती म्हणून त्यांचा अंगठा घेऊन त्यांच्या जमिनी लुबाडल्या गेल्या. आता लिहिता येऊ लागल्यावर आपण निनावी व्हावे, हे आम्हांस मान्य नाही.